ती मोकळी उभी आहे, तरी पास का येत नाही? – मुला-मुलींच्या मिश्र फुटबॉल संघावर गोष्ट लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी तुम्ही कादंबरी लिहिताय. अकरा वर्षांची ईरा मुलग्यांनी भरलेल्या फुटबॉल संघात येते. सात प्रकरणं लिहून झाली आणि आता सगळं भाषणासारखं वाटायला लागलंय, असं तुम्हीच म्हणताय. शिवाय फुटबॉल किती घालायचा, मुलग्यांना वाईट दाखवायचं का, आणि नवव्या प्रकरणात योजलेलं आईचं दोन पानी भाषण ठेवायचं का, हेही विचारलंय. मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. मधली नऊ वर्षं शनिवार-रविवार बारा वर्षांखालच्या मिश्र संघाला शिकवण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही पाठवलेला आराखडा माझ्या टेबलावर वर्षातून तीन-चारदा येतो. मुलगी येते, मुलगे हसतात, ती गुपचूप सराव करते, शेवटच्या मिनिटाला गोल मारते, सगळे तिला खांद्यावर घेतात. वाचायला बरं वाटतं. पण या गोष्टीत एक अट लपलेली असते: मुलीने संघात राहायचं तर ती सगळ्यांहून सरस असली पाहिजे. त्याच संघात दोन-तीन मुलगे असे असतात की त्यांचा पाय आणि बॉल यांची भेट योगायोगाने होते. त्यांना कुणी काही सिद्ध करायला सांगत नाही. ते येतात, धावतात, पाणी पितात, घरी जातात. मध्यम खेळूनही संघात असणं हा हक्क ईराला तुमच्या गोष्टीत मिळालेला नाही, आणि भाषणाचा वास तिथून येतोय. लेखकाला काहीतरी पटवून द्यायचंय हे पोरांना दुसऱ्या पानावर कळतं.

मग गोष्ट कशाची असते? माझ्या अनुभवात ती पासची असते.

मिश्र संघात उघड चिडवाचिडवी पहिल्या आठवड्यात होते आणि बहुतेक वेळा विरून जाते. मागे राहतं ते फार बारीक असतं. मुलगी उजव्या कडेला मोकळी उभी आहे. हात वर केलाय. बॉल ज्याच्या पायात आहे त्याने मान वर केली, तिच्या दिशेने पाहिलं आणि दोन बचावपटूंच्या मधून आपल्या मित्राकडे पास द्यायचा प्रयत्न केला. बॉल गेला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या मुलग्याला नंतर विचारलं तर तो मनापासून सांगतो, ‘मला ती दिसलीच नाही.’ तो खोटं बोलत नसतो. तिच्याकडे पास देणं हा पर्याय त्याच्या डोक्यात उमटतच नाही, कारण आपण पास त्याला देतो ज्याच्यावर आपला भरवसा आहे, आणि भरवसा शाळेच्या बसमध्ये, मधल्या सुट्टीत, वाढदिवसांना आधीच ठरून गेलेला असतो. मैदानावर त्याचा फक्त नकाशा दिसतो.

याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काही आठवड्यांनी ती मुलगी पास मागायचं थांबवते. हात खाली जातो. आवाज जातो. ती जागेवर उभी असते, बरोबर उभी असते, पण आता बॉल येणार नाही हे धरून उभी असते. बाहेरून बघणारा म्हणतो, ‘ही खेळात लक्षच देत नाही.’ मग अचानक एकदा बॉल तिच्याकडे येतो, ती तयार नसते, बॉल पायाखालून निघून जातो, आणि पास न देणाऱ्यांना आपलं बरोबर होतं असं वाटतं. हे चक्र मी इतक्यांदा बघितलंय की हात खाली गेलेली मुलगी मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येते. तुमच्या कादंबरीचा मध्यबिंदू हा आहे. त्यात कुणी खलनायक नाही, तरी अन्याय आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला तो नेमका समजतो, कारण कुठल्या ना कुठल्या खेळात त्याचाही हात कधीतरी खाली गेलेला असतो.

मुलग्यांना वाईट दाखवायचं का, याचं अर्धं उत्तर इथेच झालं. उरलेलं अर्धं: एका मुलग्याने ईराला दोनदा पास दिला की तिसऱ्या वेळी मागून आवाज येतो, ‘काय रे, आवडते वाटतं?’ अकराव्या वर्षी यापेक्षा धारदार शस्त्र नाही. तो मुलगा पास देणं बंद करतो आणि ते का केलं हे स्वतःलाही नीट सांगत नाही. त्याच्या बाजूने एक प्रकरण लिहून बघा. आणखी एक वाक्य तुम्ही वापरलंय, ‘मुलीसारखा खेळू नकोस’. तुम्ही ते ईराच्या कानावर पडताना दाखवलंय. पण ते म्हटलं गेलंय एका मुलग्याला, आणि त्या क्षणी त्याचं काय झालं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. माझ्या मते ते पान रिकामं सोडून तुम्ही सर्वात चांगला प्रसंग वाया घालवलाय.

आता माझी एक चूक सांगते, तुम्हाला कथानकात उपयोगी पडेल. पास मिळत नाही हे दिसल्यावर मी सरावाच्या सामन्यात नियम केला: एका तरी मुलीचा पाय लागल्याशिवाय गोल धरला जाणार नाही. मला फार हुशारी वाटली होती. पोरांनी दहा मिनिटांत वाट काढली. आपल्याच गोलजवळ, जिथे समोर कुणी नाही, तिथे मुलीकडे बॉल ढकलायचा, तिने परत द्यायचा, झाली अट पूर्ण. मग पुढचा खेळ आधीसारखाच. त्या मुली टोलनाक्यासारख्या झाल्या. सराव संपल्यावर त्यांतली एक माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, तो नियम काढा ना. आता सगळ्यांना मोजायला लागतं.’ दुसऱ्या शनिवारी मी नियम काढला. त्याऐवजी जोड्या बदलायला लागले: वॉर्मअपला, पाणी आणायला, सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला रोज वेगळा जोडीदार. त्याने चमत्कार झाला नाही, पण दीड-दोन महिन्यांनी पास थोडे फिरायला लागले. तुमच्या गोष्टीतले कोच आधीपासूनच शहाणे आहेत. त्यांना एकदा असं सपशेल चुकू द्या. भल्या हेतूने चुकणारा मोठा माणूस मुलांच्या पुस्तकात फार क्वचित भेटतो.

शरीराबद्दल. तुम्ही ईराला सगळ्यांत लहानखुरी केलंय, आणि समोर आडदांड मुलगे. अकराव्या वर्षी हे चित्र बऱ्याचदा उलटं असतं. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हणजे अकरा वर्षांच्या मिश्र संघात सर्वात उंच मूल मुलगी असण्याची शक्यता चांगलीच आहे. ती वर्षभरात चार बोटं वाढलीय, आपले पाय कुठे संपतात हे तिला अजून नीट कळत नाही, आणि कॅप्टन तिच्या खांद्याला लागतो. यात विनोद आहे, अवघडलेपण आहे, आणि कोच तिला न विचारता बचावफळीच्या मधोमध उभं करणार ही तक्रारही आहे. दुसरी गोष्ट, लहान वयोगटात कोणता महिना तुमचा यावर बरंच ठरतं. वयोगटाची तारीख उलटल्या उलटल्या जन्मलेलं मूल आणि वर्ष संपताना जन्मलेलं मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि निवड करणारे मोठ्याला ‘गुणी’ समजतात. तुमचा लहानखुरा खेळाडू हवाच असेल तर तो असा वर्षाच्या शेवटी जन्मलेला मुलगा असू दे. त्याची आणि ईराची दोस्ती जमायला कारण मिळेल.

आणि ईरा एकटी का? संघात दुसरी मुलगी आणा. एकटी मुलगी प्रतीक होते. दोघी झाल्या की माणसं होतात. त्यांतली एक मुलग्यांसारखीच बोलते, ईराला टाळते, कारण ‘मुली’ म्हणून मोजलं जाणं तिला नकोय. तिने आपली जागा मोठ्या कष्टाने मिळवलीय. दोघींची मैत्री होईलच असं नाही. मला वाटतं होऊ नये, निदान दहाव्या प्रकरणापर्यंत.

फुटबॉल किती? कमी, पण चुका नकोत. हा वाचक आठवड्यातून चारदा खेळतो. तुमच्या सामन्यात अकरा-अकरा खेळाडू आहेत आणि पूर्ण मापाचं मैदान. या वयाला बऱ्याच ठिकाणी छोटा खेळ असतो. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या गटात सात-सात आणि अकरा-बारा वर्षांच्या गटात नऊ-नऊ जण, लहान गोल आणि ४ नंबरचा बॉल. बदली खेळाडू आत-बाहेर करत राहतात, त्यामुळे ‘राखीव बाकावर अख्खा सामना’ हा प्रसंग वेगळा लिहावा लागेल: ती आत येते, सहा मिनिटं खेळते, बाहेर येते, पुन्हा आत. त्या सहा मिनिटांत बॉलला एकदाही पाय न लागणं हे बाकावर बसण्यापेक्षा जास्त लागतं.

तुमचा विजयी गोल हेडरने, म्हणजे डोक्याने मारलेला आहे. तो बदला. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेडिंग बंद करण्याचं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये अशी सूचना आहे. डोक्याला इजा हे कारण. तुमची मुलं अकराची असली तरी धाकटे वाचक हे चटकन पकडतील. आणखी एक: चौथ्या प्रकरणात थ्रो-इनवर, म्हणजे कडेबाहेर गेलेला बॉल हातांनी आत फेकताना, ऑफसाइड (बचावपटूंच्या पुढे उभं राहून पास घेण्याची चूक) दिलाय. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल-किकवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो.

सामना रेडिओवरच्या समालोचनासारखा लिहू नका. ‘सोहमने चेंडू हेरला आणि वाऱ्याच्या वेगाने...’ हे वरून बघणाऱ्याचं आहे. आतल्या मुलीला मैदान दिसत नाही. तिला नडग्या दिसतात, बिबची (जर्सीवर घालायच्या संघाच्या रंगाच्या बंडीची) निसटलेली गाठ, स्वतःचा श्वास, आणि आवाज: ‘दे, दे, दे!’, ‘माझा!’, ‘सोड!’, ‘मागे!’. एक गंमत. पाठीमागून प्रतिस्पर्धी आला की सावध करायला ‘मॅन ऑन’ ओरडतात. आमच्या पोरी मागे मुलगी आली तरी बिनदिक्कत ‘मॅन ऑन!’ ओरडायच्या, आणि एकदा समोरच्या संघातल्या एका चिमुरडीने भर सामन्यात थांबून ‘मॅन कुठाय?’ विचारलं होतं. प्रत्येक सामन्यातले असे दोन-तीन क्षण घ्या, बाकी स्कोअर एका वाक्यात सांगा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुम्ही मराठीत लिहिताय आणि या विषयाला मराठीइतकी चांगली भाषा शोधून सापडायची नाही. आपलं क्रियापद बोलणारा मुलगा की मुलगी हे सांगत सुटतं: धावलो, धावले, पडलो, पडले. पण भूतकाळात बॉलला पाय लागला की क्रियापद बॉलचं, पासचं, किकचं होतं. ‘मी पास दिला.’ ‘मी बॉल अडवला.’ ‘मी किक मारली.’ यात बोलणारा कोण, काही पत्ता लागत नाही. म्हणजे मराठीत खेळाडू धावताना, घसरताना, रडताना मुलगा किंवा मुलगी असतो, आणि बॉल खेळल्यावर नुसता खेळाडू! मी तुमच्या जागी असते तर पहिलं पान सगळं अशा वाक्यांत लिहिलं असतं: अडवला, वळवला, दिला, मारला. आणि मग एकच क्रियापद, ‘...आणि मी पडले.’ वाचकाला तिथे कळेल. कुणी भाषण न करता.

तसंच अनेकवचनाचं. दोन मुलगे असले की ‘ते दोघे’, दोन मुली असल्या की ‘त्या दोघी’, आणि एक मुलगा एक मुलगी असली की आपण ‘ती दोघं’ म्हणतो. मिश्र घोळक्यासाठी नपुंसकलिंग आपल्या भाषेत तयारच आहे. तुमचा कॅप्टन पहिल्या प्रकरणात ‘चला रे सगळे’ म्हणतो. अठराव्या प्रकरणात तो ‘चला, सगळी आली का?’ म्हणाला तर शंभरातल्या नव्वद वाचकांच्या लक्षातही येणार नाही, पण कानाला येईल. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांचंही बघा. शांतपणे बोलताना मुलगे ईराला ‘अगं’ म्हणतील. सामना तापला की सगळ्यांना ‘अरे दे ना!’ होतं, मुलींनासुद्धा. पहिल्यांदा तिच्या अंगावर ‘अरे’ ओरडलं जातं तेव्हा तिला राग येतो की आनंद होतो, हे तुम्ही ठरवा. मला दोन्ही पाहायला मिळालंय.

शेवटाबद्दल तुम्ही अडलाय, कारण गोल झाल्यावर पुढे काय हे सुचत नाही. मिश्र संघाच्या गोष्टीला एक घड्याळ आपोआप मिळतं: वयाची मर्यादा. इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली, ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. बारा वर्षांखालच्या मुलग्यांबरोबर खेळू मागणाऱ्या एका मुलीचं प्रकरण १९७८ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि ती हरली. नंतर मिश्र खेळाची मर्यादा बराच काळ अकरा वर्षं होती, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत अठरा वर्षांखालच्या गटापर्यंत आणली. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची लुसी ब्राँझ लहानपणी मुलग्यांच्या संघात होती. बाराव्या वर्षी नियमामुळे तिला तो सोडावा लागला. नेदरलँड्समध्ये एलेन फोकेमा पाचव्या वर्षापासून ज्या मुलग्यांबरोबर खेळली, ते १९व्या वर्षी प्रौढांच्या पहिल्या संघात जाणार होते आणि नियमाप्रमाणे ती मागे राहणार होती. २०२० मध्ये डच संघटनेने प्रयोग म्हणून तिला त्यांच्याबरोबर खेळू दिलं.

हा इतिहास पुस्तकात कोंबू नका. पण त्यातली गोष्ट बघा: खेळता येत नाही म्हणून कुणी बाहेर गेलेलं नाही, वाढदिवस आला म्हणून गेलंय. तुमच्या संघात नियम काहीही असू दे. हंगाम संपल्यावर ईरा आणि त्या मुलग्यांचे संघ वेगळे होणार, हे मुलांना माहीत असेल आणि मोठ्यांनी अजून सांगितलं नसेल, तर शेवटच्या सामन्यातला साधा पाससुद्धा जड होतो. मग जिंकायची गरज उरत नाही. बरोबरी पुरते.

बाकीचं भराभर. कपडे बदलण्याच्या खोलीचा प्रसंग नको. या वयाची बहुतेक पोरं जर्सी घालूनच येतात. मासिक पाळीचा उल्लेख केलाय तो ठेवा, पण कुजबुजीत नको, एका सरळ वाक्यात. पांढरी शॉर्ट नको वाटणं पुरेसं आहे. २०२३ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाने याच कारणाने पांढऱ्या सोडून निळ्या शॉर्ट घेतल्या, तेव्हा हे चोरून बोलायचं राहिलेलं नाही. ईराला गोलमध्ये उभं करू नका, किंवा केलंत तर तिला ते आवडू दे. मुलींना ‘निदान गोलमध्ये तरी उभी राहा’ म्हणतात हे तिला ठाऊक असावं आणि तरीही आवडावं. गुपचूप सरावाचं प्रकरण अर्धं करा. भिंतीवर बॉल मारत राहणारी मुलगी चांगली दिसते, पण तिचा प्रश्न पायांचा नाहीये.

आईचं भाषण काढा. आईला काढू नका. त्या प्रसंगात तिला काहीतरी करायला द्या: ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं, नडगीवर बांधायच्या शिनगार्डचा वास येतो म्हणून ते दोन बोटांनी धरून खिडकीत ठेवणं. तिला खेळातलं फारसं कळत नाही असं तुम्ही आधी लिहिलंय, ते फार चांगलं आहे. म्हणून ती एवढंच विचारेल, ‘आज किती वेळा बॉल आला गं तुझ्याकडे?’ तिने सहज विचारलंय. ईरा आकडा सांगते. तो खोटा असतो. नववं प्रकरण तिथे थांबवा आणि दहाव्याचा मसुदा मला पाठवा.